खुराडं, परसबाग आणि सोलर दिवे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजापूर तालुक्यात, खाडीपासून थोडं वर आमचं घर आहे. नारळ-पोफळीचं आगर, चार गुंठे भाजी आणि पस्तीस-चाळीस गावठी कोंबड्या. गेली सात वर्षं मी खुराड्याभोवती आणि आगरात सोलर दिवे लावते. त्यांचा उपयोग झाला आहे, आणि दिवे असताना कोंबड्या गेल्याही आहेत. बचत गटातल्या बायका, मुंबई सोडून गावी आलेली मुलं, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

सोलर दिवा लावला की जनावर येत नाही, हे खरं का?

काही जनावरांच्या बाबतीत आणि काही दिवसांपुरतं खरं आहे. रात्री हिंडणारं जनावर उजेड म्हणजे माणूस, असंच धरून चालतं. वाटेत अचानक दिवा दिसला की ते थबकतं, वळसा घालतं. पण तोच दिवा त्याच जागी रोज दिसला आणि त्याच्यामागून माणूस कधीच आला नाही, की भीती मोडते. आमच्या पहिल्या दिव्याला कांडेचोर, म्हणजे उदमांजर, तिसऱ्या आठवड्यात सरावला. रात्री उठून पाहिलं तर त्याच उजेडात पपईवर बसून निवांत फळ खात होता.

केनियातल्या रिचर्ड तुरेरे या मसाई मुलाची गोष्ट मला इथे फार जवळची वाटते. नैरोबी राष्ट्रीय उद्यानाला लागून त्याच्या घरची गुरं, आणि सिंह रात्री गोठ्यावर यायचे. त्याने आधी बुजगावणं उभं केलं. पहिल्या रात्री सिंह परत गेले, नंतर मात्र हे हलत नाही एवढं त्यांना कळलं. मग एका रात्री बत्ती घेऊन गोठ्याभोवती फिरताना त्याच्या लक्षात आलं की सिंह हलत्या उजेडाला बिचकतात. त्याने सोलर पॅनेल आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारे, आळीपाळीने लुकलुकणारे दिवे बसवले. २०१३ साली टेड या व्याख्यानांच्या व्यासपीठावर त्याने ही हकीकत सांगितली. उजेड हलायला हवा, हे त्या मुलाने नेमकं पकडलं.

चिलीमध्ये लामा आणि अल्पाकांच्या कळपांभोवती लुकलुकणारे दिवे लावून अभ्यास झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्युमा, म्हणजे तिथलं मांजर कुळातलं मोठं जनावर, दूर राहिले, पण तिथल्या कोल्ह्यांवर दिव्यांचा परिणाम दिसला नाही. म्हणून "एक दिवा लावा आणि निर्धास्त झोपा" असं कुणी दुकानदार म्हणाला तर त्याला आधी विचारा, कोणत्या जनावरासाठी?

आधी दिवा घ्यावा की खुराडं दुरुस्त करावं?

खुराडं. यावर माझं मत बदलणार नाही, आणि ते का ते सांगते.

मार्गशीर्षातली पहाट होती. कोंबडा आरवला नाही म्हणून मी लवकर उठले. खुराड्याजवळ जाताच सेन्सरचा दिवा लख्ख पेटला, आणि त्या उजेडात मला आतल्या तलंगा दिसल्या. अकरा. सगळ्यांच्या मानेला चावा, खाल्लेली एकही नाही. दाराची कडी जशीच्या तशी होती. वर कोपऱ्यात पत्रा आणि वासा यांच्यामध्ये माझा तळवा जेमतेम जाईल एवढी फट होती, तिथे पिसं अडकली होती. दिव्याने आपलं काम रात्रीही केलं असणार. पण जनावर एकदा आत शिरलं की बाहेरच्या उजेडाचं त्याला काय?

तेव्हा दिव्यावर खर्च करण्याआधी एवढं करा. षटकोनी भोकांची पातळ कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्रा किंवा कोल्हा ती फाडतो. तिच्याऐवजी अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे जोडलेल्या तारांची कडक जाळी, लावा. कोल्हा उकरून आत येतो, म्हणून भिंतीलगत बाहेरच्या बाजूला दीड फूट जाळी जमिनीवर आडवी पसरून तिच्यावर चिरे किंवा माती टाका. छपराखालच्या फटी बुजवा. दाराला नुसती खिटी नको, कडी हवी. आणि दिवेलागणीला स्वतः मोजून कोंबड्या आत घ्या. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. बाहेर झाडावर बसलेली कोंबडी रात्री पळूही शकत नाही.

रात्री कोण येतं, हे कसं ओळखायचं?

चुलीतली राख चाळून घ्या आणि झोपण्यापूर्वी खुराड्याभोवती हातभर रुंदीचा पट्टा पसरा. सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी बघा. पावसाळ्यात राख टिकत नाही, तेव्हा ओला चिखलच ठसा दाखवतो.

चार बोटं, नखांची खूण नाही, गोलसर ठसा: मांजराच्या कुळातलं. लहान असेल तर घरचं मांजर किंवा रानमांजर, मोठा असेल तर बिबट्या. चार बोटं आणि पुढे नखांच्या टोचण्या: कुत्रा किंवा कोल्हा. कोल्ह्याचा ठसा कुत्र्यापेक्षा निमुळता असतो, पण खरं सांगायचं तर दोघांत फरक करणं अवघड आहे. आपल्याकडच्या कित्येक खुराड्यांचा नाश भटक्या कुत्र्यांनी केलेला असतो आणि नाव कोल्ह्यावर येतं. पाच बोटं दिसली तर कांडेचोर, जवादी मांजर किंवा मुंगूस. पैकी मुंगूस दिवसा फिरतो, त्यामुळे दुपारी पिल्लं गेली तर त्याचा संशय घ्या. त्याच्यावर रात्रीच्या दिव्याचा काही उपयोग नाही.

ठसे नाहीत, राखेत वळणावळणाचा पट्टा आहे आणि अंडी टरफलासकट गायब आहेत, तर साप. माडाच्या किंवा पोफळीच्या रोपाच्या बुंध्याशी दातांनी कुरतडलेलं आणि बाजूला एखादा काटा पडलेला, तर साळिंदर. जमीन नांगरल्यासारखी उकरलेली आणि सुरण-रताळी गेलेली, तर डुक्कर.

आठवडाभर हे करा आणि मगच दिवे विकत घ्या.

बाजारात इतके प्रकार आहेत. नेमका कोणता घ्यायचा?

आपल्या कामाचे तीन प्रकार आहेत.

पहिला, जमिनीत खोचायचा खुंटीचा दिवा. दोनतीनशे रुपयांत मिळतो, रात्रभर मंद जळतो, अंगणात शोभतो. जनावर त्याला चटकन सरावते. राखणीसाठी मी तो घेऊ नका असंच सांगते.

दुसरा, चाहूल लागली की पेटणारा. त्याच्यातला सेन्सर अंगाची उष्णता आणि हालचाल टिपतो, साधारण पाच ते आठ मीटरपर्यंत. अचानक पेटतो म्हणून जनावर दचकतं, आणि एरवी बंद असल्याने बॅटरी पुरते. खुराड्यासाठी हाच उत्तम. वैशाखातल्या उकाड्यात हवा आणि जनावराचं अंग यांच्या तापमानात फारसा फरक राहत नाही, तेव्हा तो थोडा आळसावतो. वाऱ्याने हलणारी केळीची पानं समोर असतील तर उगाचच पेटत राहतो, म्हणून त्याचं तोंड केळींकडे करू नका.

तिसरा, लुकलुकणारा. यातही दर वेळी एकाच ठेक्यात लुकलुकणारा आणि मधलं अंतर बदलत राहणारा असे दोन असतात. अंतर बदलणारा मिळाला तर तोच घ्या, दुरून कुणीतरी हातात टॉर्च घेऊन फिरतंय असं वाटतं. कलिंगडाच्या मळ्यात, भाताच्या शेतात, जिथे मोठी जागा राखायची आहे तिथे हा चांगला.

खोक्यावर वॅट किती लिहिलेत त्यापेक्षा बॅटरी बघा. एमएएच म्हणजे बॅटरीत वीज किती मावते त्याचं माप. ३.७ व्होल्ट आणि १५०० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण साडेपाच वॅट-तास वीज. एक वॅटचा दिवा तिच्यावर सतत जळला तर साडेपाच तासांत संपतो. संध्याकाळी साडेसहाला लागलेला दिवा मध्यरात्रीच विझणार, आणि डिसेंबरातली आपली रात्र जवळजवळ तेरा तासांची. कांडेचोर यायचा तो नंतर येतो. "दिवा होता तरी कोंबडी गेली" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी हेच झालेलं असतं. एकदा पहाटे तीनला उठून बाहेर बघा, तुमचा दिवा जळतोय का.

लाल डोळ्यांसारखे लुकलुकणारे छोटे दिवे येतात, ते कसे?

दुसरं मोठं जनावर बघतंय असं वाटून येणारं जनावर परत जातं, असं विकणारे सांगतात. पण कुत्रा, कोल्हा यांना लाल रंग आपल्यासारखा ठळक दिसत नाही, मंद दिसतो. माझ्या अनुभवात पांढरा झोत लालपेक्षा सरस ठरला. लाल दिव्याचा एक खरा फायदा म्हणजे त्याला वीज फार कमी लागते आणि किडे पांढऱ्या उजेडाइतके जमत नाहीत.

दिवा किती उंचीवर लावायचा?

आपण दिवा आपल्यासाठी लावतो, वर, खांबावर. जनावराला मात्र तो त्याच्या डोळ्यासमोर हवा. कांडेचोर, कोल्हा, रानमांजर यांच्यासाठी जमिनीपासून फूट-दीड फूट. बिबट्या आणि डुकरासाठी दोन फुटांच्या आसपास. तोंड बाहेरच्या बाजूला, ज्या वाटेने ते येतं त्या वाटेकडे. रात्री फिरणाऱ्या बऱ्याच जनावरांच्या डोळ्यात मागच्या बाजूला उजेड परतवणारा पडदा असतो. त्यांचे डोळे बॅटरीच्या झोतात चमकतात ते त्यामुळेच. थोड्या उजेडात पाहायला बनलेल्या त्या डोळ्यांवर सरळ झोत आला की दिपतात.

कांडेचोर बहुतेक वेळा जमिनीवरून येतच नाही. माडावरून, फणसाच्या फांदीवरून थेट छपरावर उतरतो. तेव्हा एक दिवा छपराच्या पातळीवर, फांदीकडे तोंड करून लावा. ती फांदीच छाटता आली तर आणखी बरं.

जागा किती दिवसांनी बदलायची?

मी दर चौथ्या-पाचव्या दिवशी बदलते. हे शहाणपण माझं नाही. सासूबाई सांगायच्या, त्यांच्या काळात कंदील खुराड्याच्या एकाच खुंटीला कधी टांगत नसत. आज बेड्याजवळ, म्हणजे फाटकापाशी, उद्या माडाखाली, परवा गडग्यावर. वर रात्री एकदा उठून हाळी द्यायची. सोलर दिव्यानेही तसंच फिरायला हवं. म्हणून पक्का खिळा ठोकू नका. बांबूच्या चार-पाच खुंट्या वेगवेगळ्या ठिकाणी पुरून ठेवा आणि दिवा त्यांच्यावर फिरवत राहा. पंधरा दिवसांतून दोनतीन रात्री सगळे दिवे काढूनच ठेवा. आठवड्यातून एखाद्या रात्री तुम्ही स्वतः बॅटरी घेऊन खुराड्याभोवती फेरी मारा. उजेडामागे माणूस असतो हे जनावराला अधूनमधून कळलं पाहिजे.

साप दिव्याला घाबरतो का?

नाही. चाहुलीच्या सेन्सरला तो बहुधा कळतही नाही, कारण त्याचं अंग आजूबाजूच्या हवेइतकंच गरम किंवा गार असतं. उलट चुकीच्या जागी लावलेला दिवा सापाला बोलावतो. पांढऱ्या उजेडावर किडे, किड्यांवर बेडूक आणि पाली, बेडकांवर साप. पहिल्या पावसानंतर एका दिव्याखाली मी सात बेडूक मोजले होते. म्हणून रात्रभर जळणारा दिवा खुराड्याच्या भिंतीला कधीही चिकटवू नका, निदान दहा-बारा फूट लांब ठेवा. सापासाठी अर्ध्या इंचाची जाळी, अंडी रोज संध्याकाळी गोळा करणं आणि सांडलेलं दाणं झाडून काढणं, कारण दाण्यावर उंदीर येतात. आत साप दिसलाच तर मारू नका, सर्पमित्राला बोलवा.

आमच्याकडे वाघ येतो. दिवा पुरेल?

आपण वाघ म्हणतो तो बहुतेक बिबट्या. तो कोंबडीपेक्षा कुत्र्यासाठी आणि शेळीसाठी येतो. लुकलुकणारे दिवे गोठ्याभोवती जरूर लावा, मांजर कुळातल्या जनावरावर त्यांचा परिणाम होण्याची शक्यता जास्त. पण गोठा चारी बाजूंनी आणि वरूनही बंद असला पाहिजे, आणि कुत्रा रात्री साखळीने अंगणात बांधून ठेवू नका. बांधलेला कुत्रा पळू शकत नाही. पडवीत किंवा घरात घ्या. कोंबडी कापल्यावर आतडी-पिसं मागे परड्यात फेकू नका, खड्ड्यात पुरा. घर ते संडास, घर ते गोठा या वाटेवर चाहुलीचा दिवा लावा. हा दिवा बिबट्यापेक्षा तुमच्यासाठी आहे, पाऊल टाकण्याआधी समोर काय आहे ते दिसावं म्हणून.

डुक्कर आणि साळिंदर?

डुकराचं नाक आणि कान तिखट, डोळे कमजोर. ते नाकाच्या भरवशावर येतं, त्यामुळे दिव्याने चार-सहा रात्री थांबतं, फार तर. भात पोटरीला आल्यापासून कापणीपर्यंत राखण करायची तर लुकलुकणारे दिवे आणि जोडीला माणसाची फेरी, हेच. कायमचा उपाय हवा असेल तर सोलर कुंपण. त्याचं यंत्र साधारण सेकंदाला एकदा अगदी क्षणभराचा झटका देतं, जनावर दचकून मागे फिरतं पण मरत नाही. जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्याला मदत मिळते. आपलं गाव बसतं का, ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.

आणि कळकळीने सांगते, लाइनवरची वीज तारेत सोडू नका. तो गुन्हा आहे, आणि आपल्याकडे त्यात माणसं मेली आहेत. पहाटे पाणी लावायला जाणारा शेजारी, आपलीच गाय, कुणीही.

साळिंदरासाठी रोपाच्या बुंध्याला दोन फूट जाळी किंवा जुना पत्रा गुंडाळा. दिव्यावर विसंबू नका.

माकडांसाठी काही?

माकडं दिवसा येतात. सोलर दिव्याचा उपयोग नाही.

रात्रभर उजेडाने कोंबड्यांची झोप मोडत नाही का?

खुराड्याच्या आत उजेड पडला तर मोडते. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाकाठी चौदा ते सोळा तास उजेड भरपूर झाला, बाकी रात्र तिला काळोखीच हवी. सतत उजेडात कोंबड्या एकमेकींना टोचू लागतात. म्हणून दिव्याचं तोंड बाहेर, पाठ खुराड्याकडे. दिवा लावल्यावर एकदा आत वाकून बघा, दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोळ्यावर तिरीप येते आहे का. पिल्लांच्या उबेचा बल्ब ही वेगळी गोष्ट, तो सोलर दिव्यावर होत नाही.

पावसाळ्यात सोलर चालतं?

कोकणात खरा कस इथेच लागतो. दोन वॅटचं पॅनेल माघ-फाल्गुनातल्या स्वच्छ उन्हात दिवसाला आठ-दहा वॅट-तास देतं. आषाढात आभाळ आठ-आठ दिवस फाटलेलं असतं तेव्हा याच्या पाचव्या हिश्श्यावर समाधान मानावं लागतं. सतत जळणारे दिवे त्या दिवसांत निकामीच होतात.

मी काय करते ते सांगते. ज्याचं पॅनेल वायरने वेगळं होतं असाच दिवा घेते. पॅनेल छपरावर मोकळ्या आभाळाखाली, दक्षिणेकडे किंचित उतार देऊन, दिवा खाली. आंब्याच्या सावलीत ठेवलेलं पॅनेल भर उन्हाळ्यातही उपाशीच राहतं. जून ते सप्टेंबर फक्त चाहुलीचे आणि लुकलुकणारे दिवे वापरते. मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होणारे दोन दिवे जवळ आहेत, एक बाहेर आणि एक घरात चार्जिंगला. पॅनेलवर शेवाळ धरतं, ते दर रविवारी ओल्या फडक्याने पुसते. घासणी नको, चरे पडतात.

लाइट जाते तेव्हा मात्र हेच दिवे आधार होतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. माझ्या माहेरी त्या दिवसांत गोठ्यातही आणि स्वयंपाकघरातही सोलर दिवाच जळत होता. वादळाचा इशारा आला की दिवे काढून आत ठेवा, एवढं मात्र लक्षात असू द्या.

दिवा चांगला होता, सहा महिन्यांत बंद पडला. फेकून देऊ?

थांबा, आधी हे बघा. बटण चालू आहे का? काही दिव्यांत बटण बंद असलं तर चार्जिंगही होत नाही. पडवीतल्या बल्बचा उजेड पॅनेलवर पडतो का? मग दिव्याला दिवसच वाटतो आणि तो लागत नाही. समोरासमोर लावलेले दोन दिवेही एकमेकांना असंच फसवतात. सेन्सरच्या भिंगावर कुंभारीण माशीने मातीचं घर केलंय का?

मग खोलून बॅटरी बघा. खाऱ्या हवेने पट्ट्यांवर हिरवा थर येतो. लिंबाच्या फोडीने पुसा, पूर्ण वाळवा, वर व्हॅसलीनचं बोट फिरवा. नव्या दिव्याच्याही सांध्यांवर सिलिकॉन भरून घ्या. घेताना आयपी ६५ लिहिलेला घ्या (आयपी म्हणजे पाणी-धूळ आत न जाण्याची प्रत), आपल्या पावसात आयपी ४४ टिकत नाही. बॅटरी बदलताना जुनीवर जेवढे व्होल्ट लिहिलेत तेवढ्याच व्होल्टची टाका. १.२, ३.२ आणि ३.७ या तीन वेगळ्या जाती आहेत. साधा रेडिओचा सेल तर मुळीच घालू नका, तो चार्ज होण्यासाठी बनलेला नसतो, फुटू शकतो. जुनी बॅटरी विहिरीजवळ किंवा चुलीत टाकू नका.

आमची वाडी अगदी किनाऱ्याला आहे. काही वेगळी काळजी?

हो, आणि ती घ्याच. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं आपल्या वाळूत अंडी घालायला येतात. वेळास, आंजर्ले ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत, पण लहानसहान कितीतरी पुळणींवरही येतात. अंड्यांतून निघालेली पिल्लं सर्वांत उजळ दिसणाऱ्या दिशेला चालू लागतात, आणि काळोख्या रात्री ती दिशा समुद्राची असते. तुमच्या सुरूच्या बनातला पांढरा दिवा त्यांना उलट्या बाजूला, कुत्र्यांच्या आणि कावळ्यांच्या तोंडी ओढून नेतो. त्या महिन्यांत समुद्राकडे तोंड केलेला एकही दिवा नको. चाहुलीचा असेल तर त्यावर टोपी लावा, उजेड खाली आणि घराच्या बाजूला पडेल अशी. मादीही झगझगीत किनाऱ्यावर चढायला कचरते.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांना अशीच विनंती काजव्यांसाठी. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत ते लुकलुकून जोडीदार शोधतात. त्या पंधरा-वीस रात्री आगराच्या टोकाचे दिवे बंद ठेवले तर फार बिघडत नाही. खुराड्यापाशी चाहुलीचा दिवा राहू दे.

जनावर खुराड्यात किंवा विहिरीत अडकलं तर कुणाला सांगायचं?

वनविभागाचा १९२६ हा मोफत क्रमांक फिरवा, किंवा जवळच्या वनपालाला कळवा. रानमांजर असो, कांडेचोर असो की बिबट्या, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे, त्यामुळे सापळा, विष, फासकी यांच्या भानगडीत पडू नका. शेळी-वासरू मारलं गेलं असेल तर त्याच दिवशी कळवा, आणि पंचनामा होईपर्यंत मढं हलवू नका. फोटो आधी काढून ठेवा, राखेतल्या ठशांचेही. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून काढलात तर माप कळतं.